कुत्रा आणि संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभर घरात एकटा राहणारा कुत्रा, आश्रयगृहात नुकताच आलेला भेदरलेला कुत्रा आणि मिरवणुकीचा ढोल ऐकून पलंगाखाली शिरलेला कुत्रा. तिघांचेही पालक एकच प्रश्न विचारतात: "कोणतं संगीत लावू?" उत्तर मात्र तिघांसाठी वेगवेगळं आहे. सगळ्यात जास्त वेळा येणारे प्रश्न खाली घेतले आहेत.

कुत्र्याला माणसापेक्षा किती जास्त ऐकू येतं?

फरक आवाजाच्या वरच्या पट्टीत आहे. तरुण, निरोगी माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. कुत्र्याची मर्यादा वर जवळजवळ 45,000 हर्ट्झपर्यंत जाते, पण खाली ती 65 हर्ट्झच्या आसपासच संपते. म्हणजे खर्जातल्या आवाजात कुत्रा आपल्यापेक्षा सरस नाही. किणकिणत्या, चिरक्या, धातूच्या आवाजांना मात्र त्याचा कान फार तिखट असतो. झांज, टाळ, चिपळ्या, घुंगरू, शिट्टी यांचा जो भाग आपल्याला जेमतेम जाणवतो, तो त्याला ठळक ऐकू येतो.

रेकॉर्ड केलेल्या संगीतात माणसाच्या कानापलीकडचं सहसा काही उरत नाही. सीडीवरचा आवाज 22,050 हर्ट्झला थांबतो आणि कमी दर्जाची एमपी3 फाइल बहुधा 16,000 च्या आसपास. त्यामुळे "फक्त कुत्र्यांना ऐकू येणारं संगीत" म्हणून फोनवर जे मिळतं, त्यावर पैसे घालवू नका.

कोणत्या प्रकारच्या संगीताने कुत्रे शांत होतात? यावर खरंच संशोधन झालंय का?

झालंय. बहुतेक अभ्यास आश्रयगृहांतल्या आणि बोर्डिंगमधल्या कुत्र्यांवरचे आहेत.

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2002 मध्ये आश्रयगृहातल्या 50 कुत्र्यांना माणसांचं बोलणं, पाश्चात्त्य अभिजात संगीत, हेवी मेटल (कर्कश, दणदणीत रॉक) आणि पॉप ऐकवलं आणि तुलनेसाठी काही वेळ काहीच लावलं नाही. अभिजात संगीतात कुत्रे जास्त वेळ पडून राहिले आणि उभं राहणं कमी झालं. हेवी मेटलमध्ये भुंकणं वाढलं. पॉप आणि बोलणं यांनी काहीच न लावण्याच्या तुलनेत विशेष फरक पडला नाही.

2012 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या अभ्यासात 117 कुत्रे होते. तिथेही अभिजात संगीतात झोप वाढली आणि आवाज करणं कमी झालं. हेवी मेटल चालू असताना अंग थरथरण्याचं प्रमाण वाढलं. कुत्र्यांसाठी म्हणून मुद्दाम सोपं करून बनवलेलं संगीतही त्यात तपासलं होतं, पण साध्या अभिजात संगीतापेक्षा ते सरस ठरलं नाही. "खास श्वानसंगीत" विकत घेण्याआधी हे लक्षात असू द्या.

यापुढचं काम स्कॉटलंडमधलं. ग्लासगो विद्यापीठ आणि तिथली प्राणिकल्याण संस्था स्कॉटिश एसपीसीए यांनी 2017 मध्ये 38 कुत्र्यांना पाच दिवस पाच प्रकारचं संगीत ऐकवलं: सॉफ्ट रॉक (मवाळ चालीचं रॉक), मोटाउन (अमेरिकेतलं जुनं सोल-पॉप), पॉप, रेगे (जमैकातलं ठेक्याचं संगीत) आणि अभिजात. प्रकार कोणताही असो, संगीत चालू असताना कुत्रे जास्त वेळ आडवे झाले. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं हेही त्यांनी मोजलं. हा चढउतार वाढला की शरीरावरचा ताण कमी झाला असं मानतात. तो सॉफ्ट रॉक आणि रेगे चालू असताना सर्वांत चांगला वाढला.

ब्रिटनमधल्या 2016 च्या आणखी एका अभ्यासात तर संगीतापेक्षा ध्वनिपुस्तकच, म्हणजे एका माणसाचं संथ, सलग वाचन, कुत्र्यांना जास्त मानवलं.

हे सगळे निष्कर्ष एकत्र ठेवले की शैलीच्या नावापेक्षा आवाजाची ठेवण महत्त्वाची दिसते. संथ, सलग, अचानक न उसळणारा आणि कमी मोठा आवाज कुत्र्याला सोसतो. वेगवान, टोचणारा, सतत आदळणारा आवाज त्याला सोसत नाही.

मग आपलं शास्त्रीय संगीत चालेल का? कोणता राग लावावा?

चालेल, पण निवड रागाच्या नावावरून करू नका. भैरवी की यमन याने कुत्र्याला फरक पडेल असं मानायला आधार नाही. रेकॉर्डिंगमध्ये पुढे काय काय येतं ते बघा.

एकाच रागाचं तासाभराचं वादन घ्या. सुरुवातीची आलापी संथ, तालाविना, एका वाद्याची. हा भाग वर सांगितलेल्या कसोटीत बसतो. मग 'जोड' आणि 'झाला' हे वादनाचे पुढचे टप्पे: लय वाढते, तारांवरचे आघात जवळजवळ येतात. पुढे तबला आला की तिहाया, सवाल-जवाब. मैफलीचं रेकॉर्डिंग असेल तर मध्येच टाळ्यांचा कडकडाट. झोपलेला कुत्रा दचकून उठतो तो नेमका तिथे, आणि आपण म्हणतो, "याला सतार आवडत नाही."

म्हणून स्टुडिओत रेकॉर्ड केलेली आलापी निवडा. बासरी, सरोद, संथ सतार, विलंबित ख्याल यांपासून सुरुवात करून बघा. नुसता तानपुराही चांगला. तो एकसारखा चालतो आणि बाहेरचे छोटे आवाज झाकतो. बासरीच्या वरच्या सप्तकातल्या चिरक्या जागा काही कुत्र्यांना टोचतात, तिथे कान मागे जातात का ते पाहा. अभंग-भजनं निवडताना टाळ-झांजांचा गजर कमी असलेली घ्या. द्रुत तराणे, लावण्या आणि ढोलकीची जुगलबंदी आपल्यासाठी ठेवा.

आवाज किती ठेवावा?

कुत्रा झोपतो त्या जागी, त्याच्या डोक्याच्या उंचीला फोन धरून डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपने मोजा. 50 ते 55 डेसिबल पुरे, 60 च्या वर जाऊ नका. अ‍ॅपचा आकडा थोडा इकडेतिकडे असतो, म्हणून एक साधी खूणही लक्षात ठेवा: त्या जागी बसून हळू आवाजात बोलणारा माणूस सहज ऐकू यायला हवा. आपल्याला "जरा कमीच आहे" वाटतं तोच बहुधा योग्य आवाज.

स्पीकर गादीपासून दोन-तीन मीटर लांब ठेवा. पिंजऱ्यावर किंवा क्रेटला टेकवून तर कधीच नको, कारण त्याची थरथर जाळीतून थेट अंगाला लागते. वूफर असेल तर तो बंद करा किंवा बेस कमी करा. कुत्र्याला उठून आवाजापासून दूर दुसऱ्या खोलीत जाता आलं पाहिजे. दार लावून संगीत ऐकायला भाग पाडलं तर त्याचा उपयोग उलटा होतो.

कुत्र्याला हेडफोन लावून गाणं ऐकवायचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका.

रोज तेच लावलं तर चालेल?

नाही, असर उतरतो. स्कॉटलंडच्याच आधीच्या अभ्यासात अभिजात संगीताचा सुरुवातीचा परिणाम काही दिवसांतच ओसरला, कारण कुत्रे त्याला सरावले. 2017 मध्ये पाच प्रकार आलटून पालटून लावले ते म्हणूनच.

घरी चार-पाच वेगवेगळ्या याद्या करा: एक बासरीची, एक पियानोची, एक संथ जुन्या गाण्यांची, एक रेगेची, एक ध्वनिपुस्तकाची. रोज एकच लावा आणि दिवस बदलला की यादी बदला. एका वेळी दीड-दोन तास पुरेत. दिवसभर चालू ठेवू नका. आपल्यालाही दिवसभर रेडिओ चालू असलेल्या घरात शांत वाटत नाही.

मध्येच दचकतो, काय चुकतंय?

बहुतेक वेळा दोष गाण्यात नसतो. फुकटच्या अ‍ॅपवर दोन गाण्यांमध्ये जाहिरात येते आणि तिचा आवाज गाण्यापेक्षा मोठा असतो. व्हॉट्सअ‍ॅपचा टिंग स्पीकरमधून येतो. ब्लूटूथ स्पीकरची बॅटरी उतरली की तो बीप-बीप करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी 2021 मध्ये घरगुती आवाजांचा अभ्यास केला. त्यात सलग चालणाऱ्या खालच्या पट्टीतल्या आवाजापेक्षा अधूनमधून येणारा, वरच्या पट्टीतला आवाज कुत्र्यांना जास्त घाबरवतो असं दिसलं. बॅटरी संपत आलेल्या धूरसूचक यंत्राचा अधूनमधून येणारा बीप हे त्यातलं ठळक उदाहरण. आपल्याकडे इन्व्हर्टरचा, फ्रिजचं दार उघडं राहिल्याचा, मायक्रोवेव्हचा बीप याच जातीतला.

तेव्हा गाणी आधी डाउनलोड करून ठेवा, फोन विमान मोडवर टाका (ब्लूटूथ तेवढं पुन्हा चालू करा), स्पीकर चार्जिंगला लावून ठेवा. यादी सुरू करण्यापूर्वी स्वतः पूर्ण ऐकून पाहा.

शांत झालाय की नुसता घाबरून गप्प बसलाय, हे कसं ओळखावं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि सगळ्यात आधी विचारायला हवा तो हाच. घाबरलेला कुत्रा कोपऱ्यात दगडासारखा बसतो आणि आपण समजतो, संगीताचा गुण आला.

सैलावलेला कुत्रा एका कुशीवर, पाय पसरून पडतो. मान खाली टेकते, डोळे जड होतात, तोंड सैल असतं. श्वास संथ होतो. निरोगी कुत्र्याचा झोपेतला श्वास मिनिटाला 30 च्या आत असतो. छाती एकदा वर-खाली झाली की एक, असं पूर्ण मिनिटभर मोजा.

ताणातला कुत्रा पडला तरी चारही पाय पोटाखाली घेऊन, उठायच्या तयारीत असतो. कान मागे चिकटतात, शेपूट पायांत जाते, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. झोप आलेली नसताना जांभया, खायला काही नसताना सारखी ओठांवरून जीभ, उकाडा नसताना धापा, लाळ गळणं, एक पंजा उचलून धरणं, येरझाऱ्या, दारापाशी खरवडणं. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर संगीत बंद करा.

नीट तपासायचं असेल तर आठवडाभर हा प्रयोग करा. पहिले तीन दिवस काहीही न लावता ठरावीक वेळी एक तास फोनने चित्रण करा. पुढचे तीन दिवस त्याच वेळी संगीत लावून. नंतर व्हिडिओ दर पाच मिनिटांनी थांबवत कुत्रा आडवा, बसलेला, उभा की चालतोय, आणि भुंकतोय का, ते वहीत मांडा. तासाला बारा नोंदी होतात. फिरवून आणल्याची आणि जेवणाची वेळ सहाही दिवस तीच ठेवा. ती बदलली तर फरक संगीताने पडला की जास्त चालल्याने, हे कळणार नाही.

आम्ही बाहेर जाताना लावतो, पण गाणं सुरू झालं की तो आणखीच कासावीस होतो. का?

कारण गाणं सुरू झालं की माणसं जातात, हे तो शिकलाय. चपला आणि गाडीची किल्ली यांच्या जोडीला तुम्ही तिसरी खूण दिली.

आधी दहा-बारा दिवस तेच संगीत घरात असताना लावा: त्याच्या जेवणानंतर, दुपारच्या झोपेला, तुम्ही शेजारी पुस्तक वाचत असताना. मग पाच मिनिटांसाठी बाहेर जा आणि परत या. मग दहा. बाहेर जाण्याच्या निदान अर्धा तास आधी संगीत चालू असू द्या आणि परतल्यावरही थोडा वेळ राहू द्या.

दार कुरतडणं, घरात लघवी-शी, तासन्‌तास विव्हळणं असं होत असेल तर ते एकटेपणाचं भय आहे. संगीताने ते बरं होत नाही. पशुवैद्याकडे आणि वर्तनाचा अनुभव असलेल्या प्रशिक्षकाकडे जा.

संगीत बंद केलं की भुंकायला लागतो.

स्कॉटलंडच्या 2017 च्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं होतं: संगीत चालू असताना भुंकण्यात फरक नव्हता, पण थांबलं की भुंकणं वाढलं. एकदम शांतता झाली की इतका वेळ झाकलेले जिन्यातले, लिफ्टचे, शेजारचे आवाज अचानक उघडे पडतात. खटका बंद करण्याऐवजी पाच-दहा मिनिटांत आवाज पायरीपायरीने उतरवा. यादीच्या शेवटी नुसत्या तानपुऱ्याचा हळू होत जाणारा तुकडा ठेवला तरी काम होतं.

हार्मोनियम, सनई किंवा शंख वाजला की आमचा कुत्रा सूर लावतो. त्याला त्रास होतो का?

बहुतेक वेळा नाही. लांब, एकसलग, चढत-उतरत जाणारा सूर कुत्र्याच्या स्वतःच्या हेल काढून ओरडण्याशी जुळतो. लांडगे एकमेकांपासून दूर असताना असेच सूर लावून संपर्कात राहतात, आणि कुत्र्यात ती सवय उरली आहे. रुग्णवाहिकेच्या भोंग्याला गल्लीतली सगळी कुत्री साथ देतात ती यामुळेच. रात्री कुत्रं रडलं की अपशकुन, ही समजूत त्या बिचाऱ्यांना फार महागात पडते, दगड बसतात. कृपा करून ती पुढच्या पिढीला देऊ नका.

त्रास होतोय का ते अंगाकडे बघून ठरवा. पेटीजवळ येऊन बसतो, शेपूट सैल, सूर थांबला की तुमच्याकडे बघतो: तो तुमच्यात सामील होतोय. कान पाडून दूर जातो, पंजाने कान घासतो, दारामागे लपतो: मग वाजवणं दुसऱ्या खोलीत. आणि सगळे हसून टाळ्या वाजवतात म्हणून त्याचं ओरडणं वाढत जातं, हेही ध्यानात घ्या. नको असेल तर लक्ष देऊ नका.

गणपतीत ढोल-ताशा आणि डीजेच्या वेळी संगीत लावून उपयोग होतो का?

थोडा, आणि तोही नीट लावलं तर. खिडकीखालून पथक जात असताना घरातला स्पीकर त्याला झाकू शकत नाही. ढोलाचा आणि डीजेचा खालचा आवाज भिंतीतून, जमिनीतून येतो. त्यावर मात करायला स्पीकर वाढवलात तर कुत्र्याच्या कानावर दोन्हींचा मारा होतो. संगीताचं काम इथे वेगळं आहे: लांबून येणारे सुरुवातीचे आवाज मऊ करणं आणि ओळखीचं काहीतरी सोबत देणं.

मिरवणूक कधी आणि कोणत्या रस्त्याने जाणार हे मंडळाकडून आधीच विचारून घ्या. त्या दिवशी कुत्र्याला तीन-चार तास आधी भरपूर फिरवून, शी-शू उरकून, जेवू घालून आणा. रस्त्यापासून सगळ्यात आतली खोली निवडा. खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा किंवा कूलर चालू. त्याचा घरघराट ताशाची तर्री बऱ्यापैकी बोथट करतो. गादी, पाणी, तुमचा न धुतलेला सदरा. संगीत तासभर आधी सुरू करा, नेहमीच्याच आवाजात. पलंगाखाली किंवा न्हाणीघरात जाऊन बसला तर बसू द्या, ओढून काढू नका.

तो जवळ आला तर खुशाल कुशीत घ्या, पाठीवरून हात फिरवा. "गोंजारलं तर भीती वाढते" हा गैरसमज आहे. भीती ही भावना आहे, बक्षीस देऊन वाढणारी युक्ती नव्हे. मात्र तो सुटायला धडपडत असताना घट्ट धरू नका. गळ्यात फोन नंबरचा पट्टा असू द्या, दार उघडताना साखळी हातात. घाबरलेला कुत्रा उघड्या फटीतून पळतो आणि दोन वाड्या-वस्त्या ओलांडून थांबतो.

ज्याची अवस्था दरवर्षी फारच वाईट होते त्याच्यासाठी महिनाभर आधी पशुवैद्याला भेटा. भीतीवर काम करणारी औषधं आहेत. एसीप्रोमाझिन हे गुंगीचं औषध एकटं देण्याबद्दल मात्र डॉक्टरांशी नीट बोला: त्याने शरीर गळून जातं, आतली भीती तशीच राहते. माणसांच्या झोपेच्या गोळ्या कधीही देऊ नका.

ढोलाची भीती सरावाने जाईल का?

पुष्कळ कमी होऊ शकते. सणाच्या निदान सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा.

ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग इतक्या कमी आवाजात लावा, की कुत्रा फक्त कान हलवेल आणि खाणं चालू ठेवेल. आवाज सुरू झाला की लगेच चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे एकामागून एक द्या. आवाज थांबला की खाऊही थांबवा. क्रम उलटू नका. आधी खाऊ दाखवून मग आवाज केलात तर तो खाऊलाच बिचकायला लागतो. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून एक-दोनदा. सलग तीन वेळा निवांत राहिला तर आवाज एक खूण वाढवा. खाणं थांबवलं, मान वळवली, दूर गेला, तर दोन खुणा खाली या. घाई केली की मागचे पंधरा दिवस वाया जातात.

फोनच्या स्पीकरमधून ढोलाचा खर्ज नीट येत नाही, त्यामुळे घरात पास झालेला कुत्रा रस्त्यावर नापास होतो. दुसरा टप्पा म्हणून खरा ढोल लांबून ऐकवा. पुण्यात गणेशोत्सवाआधी कित्येक आठवडे नदीकाठी आणि मैदानांवर पथकांचा सराव चालतो. तीन-चारशे मीटरवरून सुरुवात करा, खाऊ देत दहा मिनिटं फिरा आणि परत या. अंतर आठवड्याला थोडं थोडं कमी करा. मोकळ्यावर अंतर निम्मं झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, म्हणून जवळच्या टप्प्यांवर जास्त सावकाश जा.

प्रत्यक्ष उत्सवाच्या दिवसांत हा सराव करू नका.

पिल्लाला लहानपणापासून सवय लावली तर?

उत्तम. तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. कमी आवाजात, खेळताना-खाताना सगळ्या प्रकारचं संगीत कानावर पडू द्या. पिल्लाला उचलून मिरवणुकीत नेणं म्हणजे सवय लावणं नव्हे.

म्हातारा कुत्रा आता संगीताकडे लक्षच देत नाही, किंवा उलट, अचानक आवाजांना घाबरायला लागलाय.

पहिलं बहुधा वयाबरोबर येणारं बहिरेपण. त्यासाठी आवाज वाढवू नका, त्याला स्पर्श आणि सोबत द्या. दुसऱ्या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नका. सांधे किंवा पाठ दुखणाऱ्या कुत्र्यात आवाजाची भीती नव्याने उगवते, कारण दचकताना स्नायू आखडतात, कळ येते, आणि आवाज व कळ यांची गाठ बसते. अशा कुत्र्याला आधी तपासून घ्या.

आश्रयगृहात किंवा बोर्डिंगमध्ये स्पीकर लावायचेत. काय पाहावं?

आधी इमारतीचा आवाज कमी करा. फरशी, पत्रा आणि उघड्या भिंती यांत भुंकणं घुमतं आणि केनेलमध्ये (कुत्रे ठेवायच्या पिंजऱ्यांच्या जागेत) 100 डेसिबलच्या वर सहज जातं. अमेरिकेतल्या 2012 च्या एका अभ्यासात अशा जागी सहा महिने राहिलेल्या 14 च्या 14 कुत्र्यांची श्रवणशक्ती घटलेली आढळली. त्या गोंगाटावर संगीत चढवणं म्हणजे भर घालणं. छताला आवाज शोषणारे पत्रे, भिंतींवर पुसता येतील असे फलक, समोरासमोरच्या पिंजऱ्यांमध्ये आडोसा, आणि मग एका मोठ्या स्पीकरऐवजी लहान चार-पाच, प्रत्येक हळू. सकाळची सफाई आणि जेवण झाल्यावर दोन तास, दुपारी दोन तास. रात्री पूर्ण शांतता.

दवाखान्यात संगीत लावल्याने कुत्रे शांत राहतात का?

डेव्हिसच्या पशुवैद्यकीय रुग्णालयातल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या वागण्यात ठळक फरक दिसला नाही, पालक मात्र जास्त समाधानी होते. पालक सैल तर साखळीही सैल. लावायला हरकत नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांसाठी काही करता येईल का?

त्यांना आतली खोली नाही, म्हणून त्यांच्यासाठी पळायला वाट हवी. मिरवणुकीच्या दिवशी सोसायटीचं मागचं फाटक, जिन्याखालची जागा, पार्किंगचा कोपरा उघडा ठेवा आणि तिथे पाणी ठेवा. त्यांना बांधून ठेवू नका. मंडळाशी आधी बोला: स्पीकरच्या भिंतीचं तोंड बोळाकडे नको. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाहीत. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत ते लावायची सवलत देऊ शकतं. त्यापुढे चालू राहिलं तर 112 वर तक्रार करता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या जागी नेहमीचं कुत्रं दिसलं नाही तर आसपासच्या दोन-तीन गल्ल्यांत, गाड्यांखाली आणि गटारांच्या कडेला बघून या. ते तिथेच कुठेतरी दबून बसलेलं असतं.